चांदण्यातला च

दात चालतात, हे बाईंना भाचीच्या दवाखान्यात कळलं.

खिडक्यांचे पडदे ओढलेले होते आणि समोरच्या स्क्रीनवर बाईंचं तोंड तरंगत होतं. गाल नाहीत, ओठ नाहीत, जीभसुद्धा नाही. नुसते दात, धुक्यातून वर आलेल्या घरांसारखे, आणि त्यांच्या पायाशी हिरड्यांची गुलाबी दरड. भाचीने बोट सरकवलं तशी घरं हलायला लागली. कुणी अंग चोरून मागे सरलं, कुणी कूस बदलली, पुढची दोन हळूहळू एकमेकांकडे आली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"हे असे चालतील," भाची म्हणाली.

"हाडातून?"

"हाडातून. दात ज्या बाजूला रेटतो तिथलं हाड विरघळतं आणि पाठीमागे नवीन हाड भरून येतं. नदी नाही का, एक काठ खाते आणि दुसऱ्या काठाला वाळू टाकते. तसं."

"आणि मी काय करायचं तोवर?"

"तू काही करायचं नाहीस. झोप काढ. झोपेतसुद्धा चालतील."

बाई बघत राहिल्या. दाढेपासून सुळ्यापर्यंत सगळी वस्ती पुन्हा जाग्यावर गेली आणि पुन्हा निघाली. इतकी वर्षं हे सगळे आपल्या तोंडात बिऱ्हाड करून राहिले आणि त्यांना पाय आहेत याचा पत्ता नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं.

भाची दात सरळ करणारी डॉक्टर होती. शिवाय तिचं संशोधन चाललं होतं. एका नव्या पारदर्शक मालाचे अलायनर ती छापून घेत होती. दातांवर बसवायचं पाण्यासारखं आरपार कवच, कोमट पाण्यात धरलं की मऊ पडणारं आणि तोंडात गेल्यावर आपला मूळ आकार आठवून दातांना हळूहळू त्या आकाराकडे ओढणारं. त्याच्या एका कडेला बाजरीएवढा कण बसवलेला असे. तो कण ऊब ओळखायचा. कवच तोंडात आहे की बाहेर, हे तो दवाखान्याला सांगायचा. दात थोडे सरकले की पुढच्या आकाराचं कवच घालायचं. बाईंनी त्या कवचाचं नाव 'झगा' ठेवलं होतं.

बाईंना झगा हौसेचा नव्हता. हिरड्यांच्या दुखण्यात पुढच्या दातांखालचं हाड झिजलं होतं. दुखणं औषधाने थांबलं, पण दात बाहेरच्या बाजूला पांगत चालले होते. दोघांच्या मधली फट बाईंना लहानपणापासूनच होती. आता तिच्यातून वहीचा पुठ्ठा आरपार जाई. असेच पांगत राहिले तर दोन्ही पडणार, हे भाचीने घरच्या माणसाला सांगतात तसं, न सजवता सांगितलं होतं.

"शेवटी कुठे थांबायचं ते कोण ठरवतं?" बाईंनी विचारलं.

"संगणक सुचवतो. त्याने हजारो तोंडं बघितलीत. मग मी बदल करते."

"त्या हजारांत माझ्यासारखी फट कुणाला होती का?"

"असेल. त्यांचीही बुजवली असेल त्याने. त्याला मोकळी जागा बघवत नाही, तुझ्या बहिणीसारखा आहे." बहीण म्हणजे भाचीची आई. तिच्या घरात रिकामं टेबल म्हणून सापडत नसे.

बाई हसल्या नाहीत. स्क्रीनवर मिटलेल्या त्या जागेकडे बघत त्यांनी विचारलं, "मग माझा वारा कुठून जाणार?"

भाचीला वाटलं, मावशी थट्टा करते आहे.

* * *

बाईंचा वर्ग म्हणजे एक लांबट खोली, अर्धवर्तुळात मांडलेल्या खुर्च्या आणि भिंतीला एक भलामोठा आरसा. कमी ऐकू येणारी मुलं इथे बोलायला शिकायची. त्यांच्या कानात मशीनं होती, पण मशीन आवाज मोठा करतं, शब्द सोपा करत नाही. म्हणून बाई आवाज डोळ्यांना दाखवायच्या आणि हाताला द्यायच्या. 'म' नाकपुडीवर बोट ठेवून शिकायचा, 'ग' गळ्यावर. आणि ज्या अक्षरांत वारा असतो ती कागदाच्या पातळ पट्टीवर. पट्टी तोंडासमोर धरायची. वारा आला की ती हलते. हलली की अक्षर आलं.

'च' सगळ्यांत शेवटी यायचा. लिहायला एक आणि बोलायला दोन. चिमणीतला वेगळा, चांदण्यातला वेगळा. चिमणीचा च जिभेच्या पाठीवर बसतो आणि चांदण्याचा जिभेच्या टोकावर. ऐकू येणाऱ्या माणसाला हे दोन आहेत याची जन्मभर दखल नसते, त्याच्या तोंडात ते आपोआप पडतात. इथे मात्र एकेक च हाताला धरून आणावा लागे. मुलं बाईंच्या गालावर तळवा ठेवायची, दुसऱ्या हाताचं बोट त्यांच्या ओठांसमोर धरायची, आणि बाई आपल्याच केलेल्या दोन ओळी म्हणायच्या:

चाक चाले चढावरी
चांदणं सांडे चाकावरी

मुलांच्या बोटावर बारीक गार धार यायची. पापणी मिटून ती धार पकडताना त्यांचे चेहरे असे होत, जणू कुणी लांबच्या खोलीतून त्यांना हाक मारली आहे.

या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे ठिपका म्हणायचे. हनुवटीवर तीळ होता म्हणून, आणि अंगानेही ती ठिपक्याएवढीच होती म्हणून. बघण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाईंची भुवई उडाली तर हिची उडायची, बाईंना शिंक आली तर ही शिंकेआधीचं तोंड करून बसायची. सुट्टीनंतर ती नेहमीच्या शाळेत जाणार होती. तिथे कुणी तिला गालाला हात लावू देणार नव्हतं. तिथे तिचं बोलणं एका फटक्यात कळायला हवं होतं.

आणि ठिपकाचा च हरवला होता.

गेल्या वर्षी तो आला होता, हे विशेष. पुढचे दुधाचे दात पडले त्याच सुमारास आला, छान, वाऱ्यासकट. मग जसजसे नवे दात उगवले तसतसा तो विरत गेला. आता 'चल' म्हणायचं तर 'तल'. चांदण्याचं तांदणं, चोराचा तोर. पट्टी तिच्या तोंडासमोर भिंतीवरच्या चित्रासारखी गप्प राहायची.

तिची आई कपडे शिवायची. लेकीला घ्यायला आली की तिच्या गळ्यात मोजपट्टी तशीच असे.

"बाई, आलेलं परत कसं जातं?" तिने एकदा दारात विचारलं. "कान अजून गेले का हो हिचे?"

"कान तपासले ना आपण. आहेत तसेच आहेत."

"मग?"

"येईल परत."

"तुम्ही म्हणता तर येईल," आई म्हणाली, "पण तुम्हीही माझ्याकडे बघून म्हणत नाही आहात."

* * *

झगा आला आणि बाईंच्या तोंडातल्या वस्तीवर बर्फ पडलं. सगळं गुळगुळीत. जिभेला ओळखीचा एक खाचखळगा सापडेना. साबण म्हणायला गेल्या तर शाबण निघाला.

वर्गात पहिल्या दिवशी मुलांना मजा आली. काचेचे दात बघायला सगळे जण जवळ आले. मग च ची वेळ झाली. ठिपकाने नेहमीसारखा गालावर हात ठेवला, ओठांसमोर बोट धरलं, डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "चाक चाले."

ठिपकाने डोळे उघडले. बोट थोडं वर नेलं, थोडं खाली. ती गार बारीक धार तिथे नव्हती. वारा होता, पण पसरट, ओठभर. तिने बोट मागे घेतलं आणि फ्रॉकला पुसलं, जसं चुकून परक्या माणसाचा हात धरला गेला की आपण सोडतो.

त्या दिवसापासून बाई वर्गात शिरताना झगा काढून डबीत ठेवायला लागल्या. डबी टेबलाच्या खणात. धडा संपला, मुलं खेळायला गेली, की पुन्हा तोंडात. दात मग कुरकुरायचे. थोडं चालून आलेल्यांना कुणी परत मागे बोलवावं तसे. बाई दुपारी खुर्चीत टेकल्या की त्यांचा डोळा लागे, आणि स्वप्नात त्यांना पांढरी घरं वाळूतून चालताना दिसत. सगळ्यांत पुढची दोन घरं थांबून त्यांना विचारत, जायचं की नाही ते एकदा ठरवा. बाई उत्तर द्यायला तोंड उघडत आणि तोंडात नुसता वारा असे.

मग भाचीचा फोन आला.

"मावशी, तुझे दात सकाळी गार का पडतात?"

"हवा गार आहे."

"फक्त शाळेच्या दिवशी? रविवारी बरी ऊब असते."

बाईंनी झग्यावरून जीभ फिरवली.

"माझ्या अभ्यासात एवढी माणसं आहेत, पण जिचा झगा नोकरीवर जात नाही अशी तू एकटीच. पुढचा झगा बसला का?"

"एका बाजूने उचलल्यासारखा राहतो."

"राहणारच. दात पोचलेच नाहीत तिथवर. रोज पुढे नेतेस आणि रोज मागे आणतेस. ही अशी ये-जा त्या हाडाला झेपायची नाही गं. आधीच कमी आहे ते." भाचीचा आवाज डॉक्टरचा होता, शेवटच्या शब्दाला मात्र मावशीच्या मांडीवरचा झाला. "पडतील, मावशी."

"माहितीये."

"मग का काढतेस?"

"एका मुलीचा च यायचा आहे. तो माझ्या फटीतून येतो."

मग भाची म्हणाली, "मी येते उद्या वर्गात. तुला ओरडायला येत नाहीये. बघायला येते."

* * *

ती आली आणि मागच्या खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसली. बाईंनी झगा डबीत ठेवला, भाचीकडे न बघता. मुलांनी पट्ट्या हातात घेतल्या.

"चाक चाले चढावरी," मुलं म्हणाली.

भाचीच्या ओठांवर हसू आलं. दुसऱ्या ओळीला ते तसंच थांबलं. तिसऱ्यांदा मुलांनी म्हटलं तेव्हा ती उठून उभीच राहिली.

"मावशी, यांना परत म्हणायला सांग. एकेकाला."

एकेक जण म्हणाला. भाची प्रत्येकाच्या समोर ओणवी होऊन ऐकत गेली. शेवटी बाईंच्या टेबलाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "तू ऐकतेस ना हे?"

"काय?"

"शिट्टी. सगळ्यांच्या च मध्ये शिट्टी आहे. तुझी."

"माझी कसली शिट्टी?"

भाचीने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की बाईंना आपल्या केसात काही अडकलंय की काय असं वाटलं. "अगं, आमच्या घरात तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी तू 'झोप आता' म्हणायचीस ना, त्या झ मधून बारीक शिट्टी यायची. मला वाटायचं, झोप अशीच येते, कुठूनतरी फटीतून. आई तुझी नक्कल करायची. तू खोलीत आलीस की गप्प बसायची."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"कोण सांगणार? तुझं बोलणं तसंच असतं म्हणून सगळे ऐकत आलो."

बाई मुलांकडे वळल्या. आता त्यांनी ऐकलं. खरोखरच, दोन आरशांत पहिल्यांदा आपलीच पाठ दिसावी तसं. तो चष्मेवाला ओठांच्या कोपऱ्यातून वारा सोडून शिट्टी आणत होता. ती उंच मुलगी पडलेल्या सुळ्याच्या जागेतून. जुळ्या भावांनी जिभेची कसलीशी पन्हळ केली होती. प्रत्येकाने आपापल्या तोंडात बाईंची फट उभी केली होती, कुठून जमेल तिथून. अक्षर शिकवलं म्हणून त्या समाधानाने घरी जात होत्या, आणि मुलं अक्षराबरोबर त्यांचा जबडाही उचलून नेत होती.

"आणि ही?" भाचीने ठिपकाकडे बोट केलं.

तिने हात धुतले, हातमोजे चढवले आणि ठिपकासमोर गुडघ्यावर बसली. ठिपकाने आधी बाईंकडे बघितलं, बाईंनी तोंड उघडून दाखवलं, मग तिनेही उघडलं. नवे दात. दुधापेक्षा थोडे पिवळसर, कडेला करवतीसारखे, आणि मधे रेघ ओढायलाही जागा नाही.

"किती सुंदर लागलेत," भाची पुटपुटली. "म्हण बाळा, चाक."

"ताक."

"जीभ बघ मावशी. बरोबर दातांच्या मागे, मधोमध लावते. तुझ्यासारखीच. दाबून धरते आणि वाट बघते वारा मधल्या दारातून जाईल म्हणून. हिच्याकडे दार नाहीच. वारा आतच राहतो, आणि जीभ सुटते तेव्हा त होतो."

बाई खाली बसल्या. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे वर येतील अशा.

"दुधाचे दात पडले होते तेव्हा हिला दार होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बाकीच्यांनी लबाडी केली म्हणून जमलं त्यांना. हिने जसं दाखवलं तसं केलं."

ठिपका दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होती. आपल्याविषयी काहीतरी चाललंय, आणि ते रागावण्याचं नाही, एवढं तिने ओळखलं होतं.

"पहिल्या दिवशी झगा घालून म्हटलं तेव्हा हिने बोट काढून घेतलं होतं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मी हिचा वारा हिरावला."

"झग्याने तुझी फट झाकली ना. तेवढ्यापुरतं तुझं तोंड हिच्यासारखं झालं होतं." भाचीने हातमोजे काढले. "नुसतं काढू नकोस म्हणायला आले असते तर बरं झालं असतं. सोपं होतं."

"जा आता तू," बाई म्हणाल्या. "तुझे बाकीचे दात वाट बघत असतील."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डबी खणात ठेवली नाही. घरीच ठेवली, रिकामी.

मुलांना मैदानावर सोडून त्यांनी ठिपकाला आरशासमोर बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. आरशात दोन तोंडं. एक काचेने मढलेलं, एक नव्या दातांनी भरलेलं. दोघींना दार नाही. बाहेर झाडाच्या पानांतून ऊन गळत होतं आणि आरशातून परत फिरून छतावर हलत होतं, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं.

बाईंनी जीभ दातांमागे लावली आणि म्हटलं. "शांदणं."

छे. पुन्हा. या खेपेला जीभ झग्याच्या गुळगुळीत पाठीवरून घसरली आणि चांदण्याच्या जागी चिमणीचा च आला. पुन्हा त लागला. पन्नाशी उलटलेल्या बाईला चांदणं म्हणता येईना. वारा आत घुटमळत होता, नेहमीच्या उंबरठ्यावर येत होता आणि तिथे भिंत बघून परत फिरत होता. तोंडाच्या त्या अंधारात त्यांना पहिल्यांदा कळलं की ही पोर वर्षभर कुठे उभी होती.

ठिपकाने तिचा तळवा बाईंच्या गालावर ठेवला. बोट ओठांसमोर. बाई म्हणत गेल्या, ठिपकाचं बोट शोधत गेलं. वारा आता एका जागी नव्हता. तो जिभेच्या टोकावरून, दातांच्या कडेखालून, पातळ होऊन यायला बघत होता. कधी यायचा, कधी राहायचा. आला की ठिपकाचं बोट थांबे आणि ती घाईने आपलं तोंड तसंच करून आरशात बघे. जीभ दाबायची नाही. नुसती टेकवायची आणि लगेच सैल सोडायची, दार नसलं तरी खालून वाट असते.

"तांदणं," ठिपका म्हणाली. मग "त्सांदणं" सारखं काहीतरी. मग पुन्हा त.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मैदानावरचा गलका लांब गेला. छतावरचं ऊन सरकत भिंतीवर उतरलं. बाईंना वाटलं, आपण दोघी दातांसारख्याच चाललो आहोत, बघणाऱ्याला दिसणार नाही इतक्या सावकाश, समोरचं थोडं विरघळवत आणि मागे थोडं भरत.

त्यांना थकवा आला होता. एकदा त्यांनी नुसतंच, सवयीने, जुन्या पद्धतीने जीभ लावली आणि म्हटलं, "तांदणं."

ठिपकाने बोट खाली घेतलं. भुवया जवळ आणल्या. आता तिच्या ओठांवर जो शब्द आला तो शाळेत कुणी तिला शिकवला नव्हता. बाई तो वर्गात कधी उच्चारत नसत, "पुन्हा" एवढंच म्हणत. तो बहुतेक घरचा होता, शिवण उसवताना आईच्या ओठांवर रोज दिसणारा. मान हलवून, अगदी गंभीरपणे ती बाईंना म्हणाली,

"चुकलं."

त्यात शिट्टी नव्हती. जिभेच्या टोकावरून सुटलेला, कोरडा, स्वच्छ, कुणाचाही नसलेला च होता. तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. ती बाईंच्या उत्तराची वाट बघत होती.

शाबासकी दिली तर ती थांबेल, हे त्यांना माहीत होतं.

"कुठे चुकलं?" त्यांनी विचारलं. त्यांचा च अजून फसफसत होता.

ठिपकाने सुस्कारा सोडला, खुर्ची आणखी जवळ ओढली, बाईंची हनुवटी दोन बोटांत धरून स्वतःकडे वळवली आणि तोंड उघडून त्यांना नीट दाखवायला सुरुवात केली.